नव्या पेठेतली पुण्याची लाँड्री

माणसाला एकदा मालक व्हायचं मनात आलं, की मग कशाचा मालक हा प्रश्न मागे पडतो. जेऊरच्या जोतीरामाचं तसंच झालं. सोलापुरातल्या एका गिरणीत तो टाइमकीपर होता. कामगार भोंग्याच्या आधी आत येतात की नंतर, एवढं बघायचं आणि नंतर येणाऱ्यावर डोळे वटारायचे, हे त्याचं काम. पगार वेळेवर, बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. शहाण्या माणसानं एवढ्यावर जन्म काढला असता. पण जोतीरामाच्या आजोबांना जेऊरच्या पंचक्रोशीत लोक वाकून रामराम घालत, आणि इथं गिरणीतला साहेब नातवाला चुटकी वाजवून बोलवायचा. ते त्याच्या जिव्हारी लागायचं.

"आपन कशाचं तरी मालक झालं पायजे," असं तो जेवताना बायकोला सांगायचा.

"आदी घराचं व्हा," सारजाबाई म्हणायची. "नळाला पानी आलंय का बगून या."

दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात पाणी एक दिवसाआड यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही ते आपण येऊन मोठे उपकार केलेत अशा थाटात यायचं. अशा या गावात धुलाईचा धंदा काढावा, ही कल्पना सोलापूरच्या माणसाला कधीच सुचली नसती. त्याला पुण्याचंच डोकं लागतं.

ते डोकं वेणीमाधव नावाच्या गृहस्थांच्या खांद्यावर होतं. पुण्याच्या 'धवलगिरी लाँड्री' नावाच्या कंपनीचे ते प्रतिनिधी. स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले आणि वर्तमानपत्रात त्यांनी जाहिरात दिली : स्वतःचे मालक व्हा. जोतीराम गिरणीतून रजा टाकून तडक लॉजवर गेला.

"अमेरिकेत काय झालंय, कल्पना आहे?" वेणीमाधवांनी सुरुवात केली. स्वतः ते सोलापूरच्या पलीकडे गेलेले नव्हते, पण अमेरिका त्यांच्या तोंडात मळलेल्या तंबाखूसारखी तयार असायची. "भिंतीला यंत्रं लावलेली. वर नाणं टाकायचं, खाली कपडे टाकायचे आणि मासिक वाचत बसायचं. हे सगळं इकडं येणार. बायका नोकऱ्या करू लागल्यात. पुढच्या दहा वर्षांत घरी धुणं बडवणारी बाई सोलापुरात औषधालाही सापडणार नाही. शिवाय पुढारी वाढतायत. पुढारी वाढले की खादी वाढते, खादी वाढली की कडक इस्त्री वाढते. हा धंदा कधी बसायचा नाही."

जोतीराम मंत्र घेतल्यासारखा ऐकत होता. "आन पानी?" एवढंच त्यानं विचारलं.

"पाणी पुण्याचं. नाव आमचं, दुकान तुमचं. कपडे गोळा करायचे, गाठोडं रेल्वेनं पुण्याला पाठवायचं. आमच्या कारखान्यात यंत्रावर धुऊन, इस्त्री होऊन परत. तुम्ही गल्ल्यावर बसायचं. मालकानं धुण्याला हात लावायचा नाही, हा कंपनीचा नियमच आहे."

या नियमानं जोतीराम पुरता विरघळला. हात न लावता मालक! लॉजच्या खिडकीत एक टेरिलीनचा सदरा ठिबकत लटकला होता. तो वेणीमाधवांचाच होता आणि त्यांनी तो सकाळी न्हाणीत स्वतःच्या हातानं खुबळला होता. टेरिलीनला परीटही लागत नाही आणि इस्त्रीही लागत नाही, आणि गावातली तरणी पोरं तर तेच घालायला लागली होती. धंद्याला जी वस्तू खाणार, ती तो धंदा विकणाऱ्याच्याच खिडकीत वाळत होती. पण मालक व्हायला निघालेल्या माणसाला खिडकी दिसते, सदरा दिसत नाही.

गिरणीचा राजीनामा दिला, फंड उचलला आणि कंपनीला अनामत पोचती केली. सोलापूरच्या नव्या पेठेत गाळा घेतला. निळा फलक, काचेचं टेबल, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर, कपड्याला टाचायच्या 'धवलगिरी, पुणे' छापलेल्या चिठ्ठ्या. सगळं कंपनीनं पाठवलं होतं. मालकाचा पांढरा कोट तेवढा स्वतः शिवून घ्यायचा होता. तो घालून जोतीराम गल्ल्यावर बसला, तेव्हा पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी तो दातांचा डॉक्टर आहे असं समजून चौकशी केली.

पहिलं गाठोडं पुण्याला गेलं आणि परतही आलं. काही बटणं वाटेत गळाली, एवढंच. दुसऱ्यातून एका वकिलाच्या शर्टांऐवजी कुठल्याशा नर्सबाईंचे झगे आले. वकील भला माणूस, त्यानं झगे परत केले. तिसरं गाठोडं मात्र घ्यायला कोणी नाही म्हणून जसंच्या तसं परत आलं. जोतीराम धावत पुण्याला गेला. कारखान्याच्या दाराला कुलूप होतं, आणि पायरीवर नगरचे, मिरजेचे, बार्शीचे, लातूरचे असे बरेच जण पांढरे कोट घालून बसले होते. एकमेकांना पाणी देत होते आणि अदबीनं विचारत होते, "आपण कुठले मालक?"

इथं एखाद्यानं फलक उतरवून पुन्हा गिरणीची वाट धरली असती. पण जोतीरामाला ते शक्य नव्हतं. साहेबापुढं पुन्हा उभं राहायचं तर ती चुटकी ऐकावी लागणार. आणि दुसरं म्हणजे त्याची लेक मालन लग्नाला आली होती. टाइमकीपरच्या लेकीला येतील ती स्थळं आणि मालकाच्या लेकीला येतील ती स्थळं यात कोस-दोन कोसांचं अंतर असतं, अशी त्याची पक्की समजूत होती. तेव्हा दुकान चालू राहिलं. फक्त कारखान्याची जागा बदलली.

नवा कारखाना म्हणजे कोंडीबा परीट. हाही जेऊरचाच. जोतीरामाच्या घराण्याची कापडं कोंडीबाच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या धुतलेली. त्याबद्दल खळ्यावर धान्याचं बलुतं मिळायचं, आणि घरात लग्न निघालं की पायघड्यांचा मान. नवरदेव घोड्यावरून उतरला की मांडवापर्यंत त्याच्या पायाखाली परटानं धुतलेली पांढरी कापडं अंथरायची. त्याचा नारळ, शिधा आणि एक नवं कापड त्याला मांडवात सगळ्यांसमोर द्यायचं. पायघड्यांची कापडं परटाच्या घरी त्या दिवशी ज्याची असतील त्याची. ती कुणाची हे विचारायचं नसतं. कितीतरी नवरदेव शेजाऱ्याच्या धोतरावरून चालत जाऊन संसाराला लागलेत.

दुष्काळात जेऊरचं खळं ओस पडलं, बलुतं गेलं, आणि कोंडीबा बायको निंगव्वाला आणि एका गाढवाला घेऊन सोलापुरात कंबर तलावाच्या काठी येऊन राहिला. जोतीरामानं त्याला गाठलं.

"कापडं मागच्या दारानं न्यायची, मागच्या दारानं आनायची. कुनाची ते इचारायचं न्हाय आन कुनाला सांगायचं बी न्हाय. पुन्याचा नियम हाय," जोतीराम म्हणाला.

"पुन्याचा नियम माज्या दगडाला कशापायी?" कोंडीबा हसला. पण गावचा माणूस, मानाचं घर. तो हो म्हणाला.

झालं, धंद्याला बरकत आली. कोंडीबा भट्टी लावून, नीळ घालून, खळ देऊन दुसऱ्या दिवशी कापडं परत आणायचा. पण पुणं इतकं जवळ कसं असेल? म्हणून ती मागच्या खोलीत आठवडाभर ठेवायची. मग चिठ्ठी टाचायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "आजच्याच गाडीनं आलीत." गिऱ्हाईक खूश. "पुण्याच्या पाण्याची गोष्टच वेगळी," असं तो वकील शर्टाची कॉलर बोटानं वाजवत म्हणायचा. रोज संध्याकाळी कंबर तलावावर तो फिरायला जायचा, तिथं गवतावर स्वतःचे शर्ट पसरलेले बघायचा, आणि ते आपले असतील ही शंकाही त्याला शिवली नाही. कारण त्याचे शर्ट पुण्याला गेलेले होते.

मालनला करमाळ्याचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरची बागायत. बाप आबासाहेब म्हणजे मिशीला पीळ आणि बोलण्याला त्याहून जास्त. सगळं जुळलं, पण आबासाहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं की मुलीचा बाप धुणं धुतो. ते स्वतः खात्री करायला सोलापूरला आले.

"पाव्हनं, राग मानू नका," गल्ल्यासमोर खुर्चीत बसून ते म्हणाले, "पर आमाला चार लोकांत बसावं लागतंय. परटाच्या धंद्यातली सोयरीक आमच्याच्यानं व्हायची न्हाय."

"छे, छे! आमी धुन्याला बोट लावत न्हाय," जोतीराम म्हणाला. "हितं निस्तं ऑफिस हाय. माल सगळा पुन्याला जातो. यंत्रावर. परटाचा अन्‌ आमचा काय संबंद?"

मागच्या खोलीत कोंडीबा गाठोडं सोडत होता. त्याला ऐकू गेलं असावं. त्यानं पुढची गाठ सोडायला घेतली.

आबासाहेबांनी बर्फाच्या डोंगराकडं बघितलं, काचेच्या टेबलावर बोट फिरवलं, आणि एकदम खुलले. इतके, की लग्नात घालायची स्वतःची आणि भावांची नागपुरी काठाची धोतरं-उपरणी त्यांनी करमाळ्याहून मुद्दाम पाठवून दिली. पुण्याच्या इस्त्रीत मिरवायचं म्हणून. "यंत्रावरच घाला," असा निरोपही धाडला. आता मालनचं लग्न त्या धोतरांच्या घडीवर उभं होतं. ती पुण्याला जातात तोवर जोतीराम मालक आणि मालन करमाळ्याची सून. ती तलावावर जातात हे कळलं, की दोन्ही खलास.

लग्न जेऊरला होतं. जोतीरामानं बेत असा केला की लग्नादिवशी गाठोडं पुण्याच्या गाडीनं जेऊर स्टेशनावर उतरलं, असं सांगायचं. प्रत्यक्षात ते कोंडीबानं सोलापूरहून आणायचं आणि गुपचूप जोतीरामाच्या हातात द्यायचं. राहता राहिला पायघड्यांचा मान. आबासाहेबांच्या नजरेसमोर परीट नको, म्हणून पायघड्या या खेपेला घालायच्याच नाहीत, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण पिढ्यांचा मान काढून घेतो, हे कोंडीबाच्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना. मोठमोठ्या मालकांचं असंच असतं. वाईट बातमी सांगायला त्यांना वेळ नसतो. तो एवढंच म्हणाला, "कोंडीबा, लग्नाला ये. ते पांडऱ्या कापडांचं गाठोडं संगं घे. आन कुनाशी बोलू नगंस."

आता लग्नाच्या गावाला परटानं धुतलेल्या पांढऱ्या कापडांचं गाठोडं घेऊन यायचं, ते दुसऱ्या कशासाठी? कोंडीबाला काही विचारावंसं वाटलं नाही. उलट मालकानं पायघड्यांसाठी इतकी उंची कापडं काढली म्हणून त्याचा ऊर भरून आला. मालनला त्यानं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. चिठ्ठ्या टाचलेल्या दिसल्या, पण दुकानातली सगळीच कापडं चिठ्ठ्यांची. त्यानं पटका बांधला आणि निंगव्वाला सांगितलं, "बलुतं गेलं, पर मान ऱ्हायला बग."

लग्नादिवशी जोतीरामाला दम टाकायला सवड नव्हती. आचारी रुसला होता, वाजंत्री उशिरा आली होती. कोंडीबा दोनदा त्याला शोधत आला आणि दोनदा कुणीतरी त्याला वाटेतून बाजूला सारलं. गाडी आली नाही, असा जोतीरामाचा निरोप ऐकून जानवशाच्या घरी आबासाहेब जुनं धोतर नेसून, मिशी चावत, पुण्याच्या गाडीला शिव्या घालत होते. मुहूर्त जवळ आला, वरात निघाली. मांडवाच्या दारात घोडा थांबला, वाजंत्री चढली, आणि गर्दीतून वाट काढत कोंडीबा पुढं आला. त्यानं गाठोडं सोडलं आणि एकापुढं एक कापड अंथरू लागला. काय ती घडी, काय ती खळ! बायका वाकून बघू लागल्या. नवरदेव उतरला आणि बापाच्या धोतरावर पाय देऊन चालू लागला.

आबासाहेब मागं होते. त्यांना आधी काठ दिसला. मग चिठ्ठी दिसली. त्यांनी हात वर केला आणि वाजंत्री थांबली.

"हे धोतार माजं हाय," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी चिठ्ठी उपटली आणि मोठ्यानं वाचली. "धवलगिरी, पुणे. पाव्हनं, तुमी म्हनला गाडी आली न्हाय. मग पुन्याला गेलेली धोतरं ह्या परटाकडं कशी आली?"

आबासाहेबांच्या पुतण्यानं कोंडीबाचा दंड धरला. "स्टेशनावरनं उचललंस व्हय रं?"

आता उत्तरं दोनच होती. एक, कोंडीबा चोर. दुसरं, ही धोतरं पुण्याला कधी गेलीच नाहीत. पहिलं खोटं आणि सोपं होतं. दुसरं खरं होतं, पण त्याच्या पलीकडं आत बाशिंग बांधून बसलेली मालन होती, आणि नवरदेव अजून अर्ध्या वाटेवर होता. सगळा मांडव जोतीरामाकडं बघत होता. सारजाबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. ती नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "बोला की. त्येचा हात सोडवा."

जोतीरामानं कोंडीबाकडं पाहिलं. कोंडीबा त्याच्याकडं बघत होता, आणि त्या नजरेत भीती नव्हती. गावचं माणूस बोलेल, याची खात्री होती. तीच वाईट.

"तसंच दिसतंय," जोतीराम म्हणाला.

आयुष्यभर मालक व्हायची धडपड केली, आणि मालकासारखा तो एकदाच वागला, तो असा.

पुतण्यानं कोंडीबाच्या डोक्यावरचा पटका उडवला. आणखी कोणी हात उचलला असता, पण कोंडीबानं दाराकडं, आत मालन होती तिकडं पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हय. माजी चूक झाली." मग तो गुडघ्यांवर बसला. नवरदेव चालून गेलेली धोतरं त्यानं एकेक करून उचलली, झटकली, घडी घातली आणि आबासाहेबांच्या पायाशी ठेवली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मुहूर्त टळला नाही. सारजाबाई अक्षता पडल्याबरोबर नारळ, शिधा आणि नवं कापड घेऊन मांडवामागं गेली. कोंडीबा तिथं नव्हता. उन्हातून बोडक्या डोक्यानं स्टेशनाकडं गेला, असं कुणीतरी तिला सांगितलं. ती तिथंच बसून रडली. लोकांना वाटलं, लेक सासरी चालली म्हणून.

जेवणावळीत आबासाहेबांनी जोतीरामाच्या पाठीवर थाप मारली. "मानसं ठेवताना बगून ठेवा, मालक," ते म्हणाले. "आसली जात इस्वासाची न्हाय." जोतीरामानं त्यांच्या पानात आणखी बुंदी वाढली.

सोलापूरला परतल्यावर दुकान उघडलं. कापडं आली. मागच्या दाराची कडी वाजली नाही. आठवडा गेला, मागची खोली भरली. वकील रोज विचारू लागला, "गाडी आली नाही का हो अजून?" जोतीरामानं दुसरे परीट धरायचा प्रयत्न केला. पण तलावावरचे सगळे परीट कोंडीबाचे भाऊबंद किंवा सोयरे. कुणी दगड कमी आहेत म्हणालं, कुणी हात भाजलाय म्हणालं. शेवटी सारजाबाई म्हणाली, "त्येच्या पाया पडा. दुसरा विलाज न्हाय."

पांढरा कोट खुंटीला ठेवून, सायकलच्या कॅरियरला गाठोडं बांधून, जोतीराम भर दुपारी कंबर तलावावर गेला. कोंडीबा आपल्या दगडाशी कमरेइतक्या पाण्यात उभा होता. काठावर निंगव्वा कापडं पिळत होती. तिनं जोतीरामाला पाहिलं आणि पाठ फिरवली.

"या मालक," कोंडीबा म्हणाला.

जोतीराम पाण्याच्या कडेला उकिडवा बसला. काय बोलायचं ते वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. "कोंडीबा, चुकलं माजं," एवढंच तो म्हणाला. खरंच रडू आलं त्याला.

कोंडीबा धोपटत राहिला. मग हातातलं कापड पाण्यात सोडून त्यानं विचारलं, "मालन सुकात हाय?"

"हाय. कालच सांगावा आलाय. सासू लई जीव लावती."

"बरं झालं." त्यानं गाठोड्याकडं पाहिलं. "ह्ये काय आनलंय?"

"दुकानाची कापडं."

"तुमच्या दुकानाची कापडं पुन्याला जात्यात की."

"आरं, तुला ठावं न्हाय व्हय…"

"मला ठावं हाय. पर साऱ्या मांडवाला ठावं न्हाय." त्याचा आवाज चढला नव्हता. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "तितं मी चोर झालो, ते त्या पोरीचं लगीन उबं ऱ्हावं म्हनून. आता तुमची कापडं ह्या दगडावर कुनी करमाळ्याच्या मानसानं बगितली, तर पोरगी म्हागारी येईल आन माजी चोरी बी फुकट जाईल. न्हाय मालक. कापडं पुन्यालाच धाडा."

त्यानं पाण्यातलं कापड शोधून काढलं आणि पुन्हा धोपटायला लागला.

ऊन कलायला लागलं तसा जोतीराम उठला. मग त्यानं गाठोडं पुन्हा कॅरियरला बांधलं. परत येताना फिरायला निघालेला वकील भेटला. गाठोडं बघून त्याचा चेहरा उजळला. "वा! आज स्वारी स्वतः स्टेशनला?"

"व्हय," जोतीराम म्हणाला, आणि सायकल हातात धरून स्टेशनाच्या रस्त्यानं चालू लागला. वकील मागं उभा राहून बघत होता, म्हणून त्याला वळताही आलं नाही.